कोण? मी.

सिकलसेलच्या यादीला कुलूप आहे आणि ते पक्कं आहे.
दोन हजार तीनशे सतरा माणसं, पाटणबोरीपासून झरीपर्यंत,
गावठाणातली, कोलाम पोडांवरची,
प्रत्येकाच्या रक्ताचा शेरा आकड्यांत असा घोटलेला
की जन्मभर पाट्यावर वाटत बसलं
तरी एक नाव सुटून यायचं नाही.

किल्ल्या सांभाळायला यंत्र वेगळं.
ते जुन्या एक्सरेच्या अंधाऱ्या खोलीत बसतं.
भिंतींना अजून हायपोचा वास,
खिडकीत वाळ्याचा कूलर,
त्याच्या टाकीत पाणी मीच ओतते.
यंत्राचं काम एवढंच : कोणी किल्ली मागितली
की विचारायचं, कोण?

मंगळवारी नागपूरहून ढवससाहेबांचा फोन.
"मॅडम, बसल्या आहात ना?"
मी उभीच होते, हातात रजिस्टर.
नाव चुकलं तर यंत्र हाकलतं, ते म्हणाले,
खोट्या नावाला तीनदा विचारून दार लावतं.
पण नावाच्या जागी काहीच लिहिलं नाही,
नुसती रिकामी ओळ धाडली,
तर त्याला वाटतं, घरचंच असेल कोणी.
आणि देतं. मागाल ती.

मला हसू आलं. खरंच आलं.
आमच्याकडे रात्री दार वाजलं की आतून विचारतात,
"कोन हाय?"
बाहेरचा म्हणतो, "मी."
आणि दार उघडतं.
मी हे काय नाव झालं?

मग सहा महिन्यांच्या नोंदी काढल्या.
मागणाऱ्याचं नाव, वेळ, दिली, दिली, नाकारली, दिली.
चौदा मार्च, रात्री दोन वाजून अकरा मिनिटं.
मागणारा :

दिली.
दोन तेराला पुन्हा. दिली.
त्या कोऱ्या जागेकडे मी इतका वेळ पाहिलं
की कूलरचा पंप कोरडा घरघरू लागला.
असेल कंपनीचा एखादा पोट्टा, चाचणी घेणारा.
असेल.

एप्रिलमध्ये पुष्पकला टेकामचं जमलेलं मोडलं.
वणीकडचे पाहुणे, तारीखसुद्धा निघालेली.
कारण कोणी सांगितलं नाही.
तिचं कार्ड अर्धंच पिवळं.
आजार नाही, फक्त वाहक, हे मी तिला
कागदावर चौकोन काढून दोनदा समजावलं होतं.
तिच्या आत्यानंही फोडलं असेल.
मला कधीच कळणार नाही.

दुरुस्तीचा पेनड्राइव्ह पांढरकवड्याच्या बसनं आला,
कंडक्टरच्या वरच्या खिशातून, सुट्ट्या पैशांसोबत.
पाकिटावर माझं नाव होतं.
मी कोण, त्यानं विचारलं नाही.

रात्रभर किल्ल्या बदलल्या. लाइट दोनदा गेली.
एक हजार नऊवी माझीच.
तिथे हात थांबला नाही.
कशाला खोटं बोलू, थांबला.
आता रिकामी ओळ धाडली तर यंत्र गप्प बसतं,
मी अकरा वेळा धाडून पाहिली.
जुन्या किल्ल्या मात्र गेल्या त्या गेल्या.
त्यानं यादी उतरवून घेतली असेल
तर ती त्याच्या घरी उघडी पडली आहे,
पुष्पकला, मी, झरीचा तो दोन वर्षांचा पोरगा.

अहवालात एक रकाना आहे :
संबंधित व्यक्तींना कळवले काय?
साहेब म्हणाले, "तो सध्या रिकामा ठेवा."

पहाटे घरी आले, अहवाल पिशवीत.
दार वाजवलं.
"कोन हाय?"
मी सांगितलं, शेवंता मारोती पेंदोर.
बराच वेळ आत काही हललं नाही.
मग आई म्हणाली,
"असं काऊन बोलून राहिली वं?
लोट न. कडी तं लावलीच नोती."